एका ‘श’चा माग : ओपन सोर्स डेस्कटॉपवर काम कुठून सुरू करायचं?

पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेची तयारी करणारी मुलं मला वरचेवर एकच प्रश्न विचारतात. “ओपन सोर्स डेस्कटॉपवर काम करायचं आहे. कोड उतरवून घेतला. पण एवढा पसारा बघून डोकंच गरगरलं. आधी काय वाचू?”

माझं उत्तर आधी ऐकून घ्या, मग रागवा. आधी काहीच वाचू नका. तुमच्या डोळ्याला खुपणारी एक लहानशी गोष्ट पकडा आणि ती नेमकी कुठे बिघडते ते शोधत थराथराने खाली उतरा. कोड वाचायची वेळ आपोआप येते, आणि तेव्हा काय वाचायचं हेही कळलेलं असतं.

हे शहाणपण मला पुस्तकातून मिळालं नाही. तीन आठवडे वाया घालवून मिळालं. तो किस्सा सांगतो, कारण डेस्कटॉप कसा बांधलेला असतो, त्यात शिरायचं कसं आणि संशोधनाचा प्रश्न कसा तयार होतो, हे तिन्ही त्यातच आहे.

स्टोअरमधला ‘श’

माझे काका भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान वर्कशॉपचं स्टोअर सांभाळतात. चाकणच्या मोठ्या कारखान्यांना लागणारे सुटे भाग तिथे बनतात. स्टोअरमध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर लिनक्स आणि ग्नोम डेस्कटॉप. मेनू सगळे इंग्रजीत, कारण सगळ्यांना त्याचीच सवय. पण काकांनी फोल्डरची नावं मात्र मराठीत ठेवलेली : ‘शाफ्ट’, ‘शिल्लक माल’, ‘लेथचे टूल’, ‘चाकणला पाठवलेला माल’.

एका गुरुवारी, म्हणजे कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, मी तिथे गेलो होतो. काका म्हणाले, “काय रे, तू कॉम्प्युटरमध्ये डॉक्टर होणार ना? मग हा श आणि हा ल हिंदीतल्यासारखा का दिसतो, सांग बरं. आम्हाला शाळेत असा नव्हता शिकवला.”

मी अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं, “फॉन्ट बरोबर नाही, काका.”

मराठीत आपण देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ लिहितो. हिंदीत गाठयुक्त ‘श’ आणि दंडयुक्त ‘ल’ चालतो. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या शासन निर्णयात प्रमाणित वर्णमाला ठरवून दिली, तिच्यातही मराठीची हीच रूपं आहेत. काकांच्या स्क्रीनवर हिंदी रूपं दिसत होती. म्हणजे फॉन्ट चुकीचा, विषय संपला, असं मला वाटलं.

विषय संपला नाही. माझं संशोधन कारखान्यातल्या कामगारांच्या कॉम्प्युटर वापरावर आहे. तेव्हा मी सिनॉप्सिस लिहीत होतो आणि त्यात उत्साहाने एक वाक्य टाकलं : ‘मुक्त फॉन्टमध्ये मराठी अक्षररूपे उपलब्ध नसल्याने...’ मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी एकच शब्द लिहिला : ‘कशावरून?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डेस्कटॉप म्हणजे एक वस्तू नाही

मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याआधी डेस्कटॉप कशाकशाचा बनतो ते बघू. आपण ‘डेस्कटॉप’ म्हणतो तेव्हा ती एक वस्तू वाटते. प्रत्यक्षात ती एकावर एक रचलेल्या प्रकल्पांची चळत असते. प्रत्येक थराची माणसं वेगळी, कोड वेगळा, बग नोंदवायची जागा वेगळी. ढोबळमानाने खालून वर असं समजा :

- कर्नल : लिनक्स. हार्डवेअरशी बोलणारा थर.
- डिस्प्ले : खिडक्या पडद्यावर कोण मांडणार ते ठरवणारा थर. जुनी पद्धत म्हणजे एक्स विंडो सिस्टीम, १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेली. नवी पद्धत वेलँड, २००८ मध्ये सुरू झालेली. वेलँडमध्ये खिडक्या एकत्र जोडून चित्र तयार करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपोझिटर म्हणतात. ग्नोमचा कंपोझिटर मटर, केडीईचा क्विन.
- टूलकिट : बटणं, मेनू, याद्या बनवायचं साहित्य. ग्नोममध्ये जीटीके, केडीईमध्ये क्यूट.
- अक्षरं मांडणारा थर : मजकुराचे तुकडे पाडणं, योग्य फॉन्ट निवडणं, जोडाक्षरं जुळवणं. जीटीकेसाठी हे काम पँगो, फॉन्टकॉन्फिग आणि हार्फबझ मिळून करतात.
- शेल : वरची पट्टी, प्रोग्रॅम उघडायची जागा, सूचना. ग्नोम शेल किंवा प्लाझ्मा.
- ॲप्लिकेशन : फाइल मॅनेजर, एडिटर वगैरे.

ही विभागणी अशी का झाली, त्यालाही इतिहास आहे. केडीईची घोषणा मथियास एट्रिख यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये केली. ते क्यूटवर उभं होतं, आणि क्यूटचा परवाना तेव्हा पूर्णपणे मुक्त नव्हता. त्यावर उतारा म्हणून मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ऑगस्ट १९९७ मध्ये ग्नोम सुरू केलं. पुढे क्यूटही मुक्त परवान्यात आलं, पण तोवर दोन्ही घरं वेगळी थाटली गेली होती. म्हणून आज तुम्हाला दोन टूलकिट, दोन शेल आणि दोन पद्धती दिसतात. नवख्याने यातलं एकच घर निवडावं. दोन्हीकडे पाय ठेवला तर कुठलंच दार नीट उघडत नाही.

आता काकांच्या ‘श’कडे परत. दोष यातल्या कुठल्या थरात असेल? मी फॉन्ट म्हणालो होतो, कारण डोळ्याला फॉन्टच दिसतो. संशोधनात हा सापळा नेहमी असतो : लक्षण जिथे दिसतं तिथेच कारण असेल, असं मन धरून बसतं.

तीन आठवडे चुकीच्या थरात

मी फॉन्ट उघडायचं सॉफ्टवेअर शिकलो. आठवडाभर नुसती अक्षरांची चित्रं बघितली. ‘श’चं नवं रूप काढायचा प्रयत्न केला, तो इतका वाईट निघाला की तो इथे न दाखवणंच बरं. तिसऱ्या आठवड्यात जरा नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं की काकांच्या मशिनवर असलेल्या नोटो सान्स देवनागरी फॉन्टमध्ये मराठी ‘श’ आणि मराठी ‘ल’ आधीपासूनच आहेत! दोन्ही रूपं शेजारी शेजारी बसलेली. मग ती दिसत का नाहीत?

इथे युनिकोड समजून घ्यावं लागतं. युनिकोडमध्ये देवनागरी एकच आहे. ‘श’चा क्रमांक यू+०९३६, मग तो हिंदीतला असो, मराठीतला असो की नेपाळीतला. ‘ल’चंही तसंच, यू+०९३२. म्हणजे फाइलच्या नावात ‘शाफ्ट’ असं साठवलं जातं तेव्हा ते मराठी आहे की हिंदी, ही माहिती कुठेच साठवली जात नाही. रूप निवडायचं काम फॉन्टवर सोपवलेलं असतं. ओपनटाइप फॉन्टमध्ये त्यासाठी खास सोय असते. फॉन्ट म्हणतो, “भाषा मराठी असेल तर हे रूप घ्या, नाहीतर माझं नेहमीचं रूप घ्या.” आता भाषा मराठी आहे हे फॉन्टला सांगणार कोण? वरचा थर.

थोडक्यात, फॉन्टला दोष देऊन चालणार नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

जाता जाता एक गोष्ट, कारण आपल्याकडे ‘ओपन सोर्स म्हणजे परदेशातलं काहीतरी’ असा समज असतो. लिनक्सवर भारतीय भाषांसाठी वर्षानुवर्षं वापरले गेलेले लोहित फॉन्ट रेड हॅटने मुक्त केले, पण ते मुळात दिले होते मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे ‘श्री-लिपी’ बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीने. आधी त्यांचा परवाना जीपीएल होता, २०११ मध्ये तो ओपन फॉन्ट लायसन्स झाला. म्हणजे जे फॉन्ट जगभर गेले, त्यांचं मूळ गाव पिंपरीपासून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

मग मोजायचं कसं?

इथून मी अंदाज बांधणं सोडलं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची असा नियम केला. बारावीच्या प्रयोगशाळेत आपण जे करतो तेच : एक चल बदला, बाकी स्थिर ठेवा, दिसलं ते लिहून ठेवा.

पहिली पायरी डेस्कटॉप पूर्ण बाजूला ठेवायची. हार्फबझसोबत एचबी-व्ह्यू नावाचं छोटं साधन मिळतं. त्याला फॉन्ट आणि मजकूर दिला की ते थेट चित्र काढून देतं, आणि मजकुराची भाषा कोणती हेही त्याला सांगता येतं. एकच फॉन्ट, एकच शब्द ‘शिल्लक’. भाषा हिंदी सांगितली तर हिंदी रूपं, मराठी सांगितली तर मराठी रूपं. म्हणजे फॉन्ट बरोबर, हार्फबझ बरोबर. दोन थर एका दुपारी सुटले. हीच दुपार मी तीन आठवड्यांपूर्वी काढायला हवी होती.

दुसरी पायरी डेस्कटॉपवर. दोन चल घेतले : डेस्कटॉपची भाषा (इंग्रजी किंवा मराठी) आणि फॉन्ट (मराठी रूपं असलेला किंवा नसलेला). म्हणजे चार प्रयोग. मराठी ‘श’ चारपैकी एकातच दिसला, जिथे डेस्कटॉपही मराठीत होता आणि फॉन्टमध्ये मराठी रूपं होती तिथे. काकांचा डेस्कटॉप इंग्रजीत होता. गुन्हेगाराची गल्ली सापडली.

तिसरी पायरी म्हणजे कोड वाचणं. बघा, आता कुठे कोडची पाळी आली, आणि लाखो ओळींपैकी मला एकच गोष्ट बघायची होती : इंग्रजी डेस्कटॉपवर देवनागरी मजकूर आला तर पँगो त्याची भाषा कोणती धरतो?

उत्तर मजेशीर आहे. पँगो आधी बघतो की सध्याची भाषा या लिपीत लिहिली जाते का. इंग्रजी देवनागरीत लिहिली जात नाही, म्हणून ती बाद. मग वापरणाऱ्याने पसंतीच्या भाषांची यादी दिली आहे का ते बघतो. तीही नसेल तर पँगोकडे एक तक्ता आहे, प्रत्येक लिपीसमोर नमुन्यादाखल एक भाषा. बंगाली लिपीसमोर बंगाली, सिरिलिकसमोर रशियन. आणि देवनागरीसमोर? हिंदी.

बास. काकांच्या फोल्डरवर मराठी लिहिलेलं असलं तरी पँगो ते हिंदी समजत होता. कुणाचा दुजाभाव नाही, कुणाचा आळस नाही. लिपी एक, भाषा अनेक, आणि कुणीतरी एक तर नाव लिहायलाच हवं होतं.

सगळ्यात गंमत म्हणजे यावरचा उपाय पँगोच्या दस्तऐवजातच लिहिलेला आहे. फारसी लोकांची अडचण हीच : अरबी लिपी, पण भाषा फारसी. त्यांच्यासाठी पँगो-लँग्वेज नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे. त्यात पसंतीच्या भाषा ओळीने लिहायच्या. आपल्यासाठी इंग्रजीचा संकेत ‘इएन’, मग कोलन, मग मराठीचा संकेत ‘एमआर’. अर्थ असा : मेनू इंग्रजीत राहू दे, पण देवनागरी दिसली की ती मराठी समज.

पाचवा प्रयोग केला. इंग्रजी डेस्कटॉप, तोच फॉन्ट आणि हे व्हेरिएबल. काहीच बदललं नाही!

इथे मी जवळजवळ रडकुंडीला आलो. संध्याकाळी कळलं की फाइल मॅनेजर आधीपासूनच पार्श्वभूमीला चालू होता. नवा उघडला असं मला वाटत होतं, पण तो जुन्याच प्रोसेसची नवी खिडकी काढत होता, आणि जुन्या प्रोसेसला माझं व्हेरिएबल माहीतच नव्हतं. तो पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला. ‘शाफ्ट’चा श देठावर उभा राहिला. वहीत लिहून ठेवा : प्रयोग फसला तर गृहीतक चुकलंय असं लगेच धरू नका. आधी प्रयोग खरंच झाला का ते तपासा.

यात संशोधन कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, एक व्हेरिएबल बसवलं, त्यात पीएच.डी. कसली? बरोबर. व्हेरिएबल बसवणं म्हणजे दुरुस्ती. संशोधन त्याच्या पुढे सुरू होतं.

काकांसारख्या माणसाने एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बसवावं ही अपेक्षाच चुकीची आहे. मग डेस्कटॉपने स्वतः काय करावं? कीबोर्डचा लेआउट मराठी निवडलेला असेल तर त्यावरून भाषा ओळखावी का? फोल्डरच्या नावात दोन-तीनच शब्द असतात, एवढ्याशा मजकुरावरून मराठी-हिंदी ओळखता येईल का? ‘पत्र’सारखा शब्द दोन्ही भाषांत सारखाच लिहितात, तिथे काय करायचं? एकाच यादीत निम्मी नावं मराठी आणि निम्मी हिंदी असतील, जी चाकणमध्ये असणारच, तर दोन प्रकारचे ‘श’ शेजारी दिसणं वाचणाऱ्याला बरं वाटेल की खटकेल? आणि मुळात रूप बदलल्याने वाचनाच्या वेगात काही फरक पडतो का, की फक्त आपलेपणाचा प्रश्न आहे?

यातला प्रत्येक प्रश्न मोजता येतो, आणि प्रत्येकासाठी प्रयोग रचता येतो. माझ्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य मी काढून टाकलं आणि त्याजागी यातले दोन प्रश्न आले. मॅडमनी या वेळी पेन्सिल उचलली नाही. मूळ वाक्य तसंच गेलं असतं तर तोंडी परीक्षेत कुणीतरी लॅपटॉप उघडून फॉन्टमधला मराठी ‘श’ दाखवला असता आणि पूर्ण प्रकरणच कोसळलं असतं.

म्हणून या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू द्या : दोष कुठल्या थरात आहे हे सिद्ध केल्याशिवाय पॅचही लिहू नका आणि प्रबंधातलं वाक्यही लिहू नका.

आता तुमची पाळी

प्रत्यक्ष सुरुवात अशी करा. क्रम महत्त्वाचा आहे.

१. वेगळी जागा तयार करा. अभ्यासाच्या लॅपटॉपवर थेट प्रयोग नकोत. व्हर्च्युअल मशीन घ्या, निदान वेगळं युजर खातं तरी करा. शेल बिघडलं तर लॉगिनच होत नाही, आणि नेमकं ते सबमिशनच्या आदल्या रात्री होतं.

२. घर निवडा. जावास्क्रिप्ट किंवा सी येत असेल तर ग्नोम, सी++ येत असेल तर केडीई. ग्नोम शेलचा बराचसा दर्शनी भाग जावास्क्रिप्टमध्ये आहे. प्लाझ्माचा क्यूएमएलमध्ये आहे, आणि क्यूएमएल शिकायला सोपी आहे.

३. चालू डेस्कटॉप आतून बघा. ग्नोममध्ये ऑल्ट आणि एफ-२ दाबून ‘एलजी’ ही दोन इंग्रजी अक्षरं लहान लिपीत टाइप केली की लुकिंग ग्लास उघडतो. त्यात शेलच्या कुठल्याही भागावर बोट ठेवून तो कोडमध्ये कोण आहे ते बघता येतं. जीटीकेच्या ॲप्लिकेशनसाठी इन्स्पेक्टर आहे : जीटीके-डिबग या व्हेरिएबलला ‘इंटरॅक्टिव्ह’ अशी किंमत देऊन ॲप्लिकेशन सुरू करा. पहिल्या दिवशी फक्त हेच करा. एक बटण निवडा, त्याचं नाव शोधा.

४. छोटं काहीतरी बनवा. ग्नोमसाठी एक्स्टेन्शन, प्लाझ्मासाठी विजेट. वरच्या पट्टीवर ‘आज गुरुवार, सुट्टी’ एवढं दाखवणारं असलं तरी पुरे. एक काळजी घ्या : ग्नोम ४५ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२३ पासून, एक्स्टेन्शन लिहायची पद्धत बदलली. त्याआधीचे धडे बघून लिहिलेलं एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीवर चालत नाही. धडा कुठल्या आवृत्तीसाठी आहे ते आधी बघा.

५. संपूर्ण डेस्कटॉप बांधायला घेऊ नका. सगळा डेस्कटॉप सोर्सवरून कंपाइल करणं ही नवख्याची सगळ्यात जुनी चूक. एकच ॲप्लिकेशन घ्या. ग्नोम बिल्डरमध्ये ॲप्लिकेशनचा सोर्स उघडून फ्लॅटपॅकच्या आधारे ते तिथेच बांधता आणि चालवता येतं. एका बटणावरचा शब्द बदला, बांधा, चालवा. तो शब्द बदललेला दिसला की निम्मी लढाई जिंकलात.

६. बग नोंदवायला शिका. चांगल्या नोंदीत चार गोष्टी असतात : आवृत्ती, काय केलं त्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ‘मराठी नीट दिसत नाही’ ही तक्रार झाली. ‘इंग्रजी लोकॅलवर, अमुक फॉन्ट असताना, यू+०९३६ चं मराठी रूप निवडलं जात नाही’ ही नोंद झाली. नोंदवण्याआधी तीच गोष्ट कुणी आधी नोंदवली आहे का ते शोधा. हे अगदी साहित्य सर्वेक्षणासारखंच आहे.

७. एका मर्ज रिक्वेस्टमध्ये एकच बदल. दोन्ही प्रकल्पांचा कोड गिटलॅबवर आहे, आणि ग्नोममध्ये नवख्यांसाठी सोपी कामं वेगळ्या खुणेने दाखवलेली असतात. माझ्या पहिल्या बदलात मी दुरुस्तीसोबत आजूबाजूच्या ओळींची मांडणीही ‘सुंदर’ करून दिली होती. तपासणाऱ्याने नम्रपणे सांगितलं, दोन्ही वेगळं करा. तेव्हा राग आला. आता मीच ज्युनिअरना तेच सांगतो.

८. कोड येत नसेल तर भाषांतर. यातही शिकण्यासारखं खूप आहे. मेनूतली वाक्यं पीओ नावाच्या फाइलींमध्ये असतात. मूळ वाक्य, खाली मराठी. सोपं वाटतं, पण ‘३ फाइली हटवल्या’ आणि ‘१ फाइल हटवली’ यासाठी एकवचन-अनेकवचन वेगळं द्यावं लागतं. आकड्याच्या किंवा नावाच्या जागी असलेली खूण चुकून पुसली तर प्रोग्रॅम बिघडू शकतो. आणि ‘ओपन’ हे बटण आहे की स्थिती आहे, म्हणजे ‘उघडा’ की ‘उघडे’, हे ठरवायला प्रोग्रॅम चालवूनच बघावा लागतो. भाषांतर करताना डेस्कटॉपचा कानाकोपरा पाहून होतो.

संशोधकासाठी दोन पथ्यं

पहिलं, वही ठेवा. कुठली आवृत्ती, कुठला फॉन्ट, कुठली तारीख, काय बदललं, काय दिसलं. डेस्कटॉप सहा महिन्यांत बदलतो. आज घेतलेला स्क्रीनशॉट प्रबंध लिहिताना पुन्हा मिळेलच असं नाही.

दुसरं, कोड खुला आहे म्हणजे त्यामागची माणसं तुमच्या प्रयोगातले उंदीर नाहीत. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलला मुद्दाम सदोष पॅच पाठवून ते पकडले जातात का हे तपासलं होतं. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण चिघळलं, कर्नलच्या देखभालकर्त्यांनी त्या विद्यापीठाकडून येणारं योगदान थांबवलं आणि तो शोधनिबंध मागे घ्यावा लागला. निबंध गेला, विश्वासही गेला. तपासणारी माणसं कित्येकदा आपला स्वतःचा वेळ खर्च करून तुमचा कोड वाचत असतात. आणि हेच वर्कशॉपमध्येही लागू आहे. कामगाराच्या मागे उभं राहून त्याचं टायपिंग मोजायचं असेल तर आधी त्याची परवानगी, मग सुपरवायझरची. त्याला वाटलं की मोजमाप मालकाकडे जाणार आहे, तर तो तुमच्यासमोर वेगळंच वागेल आणि तुमची आकडेवारी खोटी निघेल.

काकांचं काय झालं?

पुढच्या गुरुवारी नाशिक फाट्यावरून भोसरीला गेलो. काकांच्या सेशनमध्ये ते व्हेरिएबल कायमचं बसवलं, लॉगआउट करून परत लॉगिन केलं. फोल्डर उघडला. ‘शाफ्ट’, ‘शिल्लक माल’, ‘लेथचे टूल’, सगळी अक्षरं आपल्या शाळेतली.

काकांनी चष्मा वर केला, नीट बघितलं. “हां, आता बरोबर.” मग खणातून बिन कार्डाला लावायचं एक छापील लेबल काढून माझ्यापुढे धरलं. त्यावरचा ‘श’ अजून गाठीचाच होता. “स्क्रीनवर झालं. आता हे कागदावर का होत नाही, ते सांग.”

या वेळी मी अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं नाही. लेबल खिशात घातलं आणि विचारलं, “काका, हे कुठल्या प्रोग्रॅममधून छापता?”

तुम्हीही आज एवढंच करा. तुमच्या समोरच्या स्क्रीनवरचा ‘श’ कुठला आहे ते बघा, आणि तो तसा का आहे हे सिद्ध करून दाखवा. अंदाज सांगू नका. कशावरून, ते सांगा.